बी.कॉम.च्या वर्गात आधी चेक आणा, व्याख्या मागाहून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बी.कॉम.च्या व्यवसाय कायद्याची कोणतीही उत्तरपत्रिका उघडा, करार म्हणजे काय याची करार कायद्याच्या कलम २(एच) मधली व्याख्या स्वल्पविरामासकट मिळते. त्याच विद्यार्थ्यापुढे बाउन्स झालेला चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो ठेवला, की पुढे काय करायचे ते त्याला सांगता येत नाही. याचा दोष मुलांना देऊ नये. मोंढ्यात, आडतीवर, कृषी सेवा केंद्रात जे कागद रोज हाताखालून जातात, ते मराठवाड्यातल्या वर्गात कधी येतच नाहीत.

चेकच घ्या. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा. परत आला तर मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद. हे फळ्यावर तारखांनी मांडावे. मेमो ३ जूनला मिळाला, तर नोटीस ३ जुलैपर्यंत गेलीच पाहिजे. ती समजा १० जूनला पोचली, तर २५ जूनपर्यंत थांबायचे आणि २६ जुलैपर्यंत फिर्याद दाखल करायची. पंधरा दिवस संपण्याआधी घाईने केलेली फिर्याद टिकत नाही. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारण दाखवल्यास माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही. मग चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा टाकून नवा मेमो घेणे, एवढीच वाट उरते. नोटिशीत मागायची ती चेकवरचीच रक्कम. व्याज आणि वकिलाचा खर्च मागायचा असेल तर वेगळा दाखवावा. सगळे मिळून एकच आकडा लिहिला की नोटीसच बाद व्हायची भीती. कोर्ट कोणते, हेही मुलांना माहीत नसते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्याच्या खात्यात चेक भरला त्याची शाखा जिथे, तिथले कोर्ट. पुण्याच्या व्यापाऱ्याचा चेक उदगीरच्या खात्यात भरला असेल तर पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत.

याला जोडूनच कोरा चेक शिकवावा. ऊसतोडीची उचल देताना मुकादमाकडून किंवा उधारीवर खत देताना शेतकऱ्याकडून तो सर्रास घेतला जातो, आणि ‘कोरा चेक कोर्टात चालत नाही’ असे देणारा समजून चालतो. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितले आहे. आपखुशीने सही करून दिलेल्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली, तरी कलम १३९ प्रमाणे देणे आहे असेच धरले जाते. देणे नव्हते हे दाखवायचे ओझे सही करणाऱ्यावर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र ते देणे कायद्याने वसूल होण्याजोगे हवे. तीन वर्षांची मुदत उलटलेली उधारी, अठरा पूर्ण नसलेल्या मुलाची सही, हे मुद्दे इथे आपोआप येतात. पहिल्या वर्षाच्या बाकांवर सतरा वर्षांचे काही जण असतातच. त्यांच्यापैकी कोणी हप्त्यावर मोबाइल घेण्यासाठी सही केली तर काय, असे विचारले की अज्ञानाचा करार मुळातच रद्द ठरवणारा १९०३ चा मोहरी बीबीचा खटला पाठ करावा लागत नाही.

मोंढ्यातला लिलाव म्हणजे मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४. बोली पक्की झाल्याचे पुकारेपर्यंत खरेदीदाराला ती मागे घेता येते. पुकारा झाला, की सौदा झाला. मग काट्यावर पोते चढल्यावर ‘माल ओला आहे’ म्हणून भाव पाडणे किंवा कडता (वजनातली कपात) कापणे हा पुऱ्या झालेल्या करारात एकतर्फी फेरफार होतो, कारण ढीग उघड्यावर पाहूनच बोली लावलेली असते. अडत्या हा शेतकऱ्याचा अभिकर्ता (एजंट), त्याने बाजू शेतकऱ्याची घ्यायची. हे वाक्य परीक्षेत विचारले जात नाही, विचारायला हवे.

बियाण्याचेही तसेच. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा कित्येकांकडे पक्के बिल नव्हते. बिल, टॅगसकट पिशवी आणि मूठभर बियाणे राखून ठेवायचे, उगवण फसली की तालुका तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करायची, आणि शक्यतो दुबार पेरणीआधी पंचनामा करून घ्यायचा. वाफसा कोणासाठी थांबत नाही हे खरे, म्हणून निदान तारीख दिसणारे फोटो तरी काढावेत. पेरणीसाठी बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो, हे राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या पुरवठादारांसाठी एकच गोष्ट: ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी असेल तर लेखी करारातही बिलाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशोबाने चक्रवाढ व्याज. आणि नोंदणी न केलेल्या भागीदारी फर्मला थकलेल्या बिलासाठी दिवाणी दावाच लावता येत नाही (भागीदारी कायदा, कलम ६९), हे भागीदारी सुरू करण्याआधी कळलेले बरे.

जाता जाता, करार कायदा १८७२ चा असला तरी मराठवाड्याला तो लागू झाला १९५१ मध्ये; तोवर आपल्याकडे हैदराबाद संस्थानाचे कायदे चालत. याची एक ओळही कोणी सांगत नाही.

खरी अडचण गाइडांची आहे. बाजारातल्या काही गाइडांत ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा अजून छापलेला दिसतो, तो २० जुलै २०२० पासून बदलला. काहींत जिल्हा आयोगाकडे चालणाऱ्या तक्रारींसाठी मोजलेल्या किमतीची मर्यादा एक कोटी आहे, ती ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ५० लाखांवर आली. गाइडचे मुद्रणवर्ष २०२२ च्या आधीचे असेल, तर ते प्रकरण प्राध्यापकांनी वर्गात उघडूच नये.

आपला,
व्यवसाय कायद्याचा एक अध्यापक, लातूर