त्या जूनमधल्या अष्टम मंगळाबद्दल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे टेबलावर तशीच पडून आहेत आणि त्याचे कारण आळस नाही. माझा रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो. प्रकृतीचे एवढे पुरे.

तुझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी आलो नाही आणि रजा मिळाली नाही असे कळवले, ते खोटे होते. रजा मंजूर झाली होती, बॅगही भरलेली होती. निघायच्या आदल्या रात्री त्या महिन्याची लूनर रिटर्न, म्हणजे चंद्राच्या परतीची कुंडली मांडली. लग्न (त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) कन्येचे निघाले आणि मंगळ मेषेत, म्हणजे तिथून नेमका अष्टमात, संकटाच्या स्थानात. मी घाबरलो, आणि तेही तुझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या प्रवासासाठी. हे घरी सांगितले तर कोणी नुसते हसेल, कोणी नुसते रागावेल. तू दोन्ही करशील आणि वर गणितही तपासशील, म्हणून तुलाच लिहितो.

मागच्या आठवड्यात जुन्या वह्या चाळताना तीच कुंडली पुन्हा समोर आली. माझा जन्मचंद्र कर्केत १८ अंश २४ कलांवर (साठ कलांचा एक अंश) आहे, हे तुला माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे. त्या कुंडलीत मात्र चंद्र १७ अंश ४२ कलांवर होता. चंद्र मूळ अंशाकलांवर परत येतो त्या क्षणाची ही कुंडली. तो मुक्कामाला पोहोचायच्या आधीच मी ती मांडून मोकळा झालो होतो! प्रोग्रॅम परतीचा क्षण सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या चंद्रावरून काढत होता आणि मी त्यातले ग्रह निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या राशींत वाचत होतो. विशीत हा फरक जेमतेम १७ कलांचा, म्हणजे अर्ध्या तासाचा होता, म्हणून कधी डोळ्यांत भरला नाही. पण तो संपातबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला (साठ विकलांची एक कला) मागे सरकतो. पन्नाशीपर्यंत त्याच्या ४२ कला होतात आणि तेवढे अंतर कापायला चंद्राला सव्वा तास लागतो. सव्वा तासात लग्न कन्येच्या विसाव्या अंशावरून तुळेच्या सातव्या अंशावर गेले, आणि माझा अष्टमातला मंगळ सप्तमात येऊन बसला.

(फिदीफिदी हसू नकोस. मासप्रवेशाची (ताजिक या वर्षफलाच्या पद्धतीतल्या महिन्याच्या आरंभाची) कुंडली चंद्रावरून मांडून तू सरांपुढे नेली होतीस ते मी विसरलेलो नाही. ताजिकातला मासप्रवेश सूर्याचा असतो, हे त्या दिवशी साऱ्या वर्गाने तुला सुनावले होते.)

सायन परतीची कुंडली सायन राशींतच वाचणारे चुकतात असे मी म्हणत नाही. त्यांचे गणित आपल्या जागी चोख असते. मी मात्र एकाची घागर दुसऱ्याच्या विहिरीत सोडली होती. चंद्रकलेच्या परतीचे तेवढे बरे आहे. जन्मवेळी सूर्य-चंद्रात जे अंतर होते तेच पुन्हा यायचे, सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांनी. दोघांतले अंतर सायनात आणि निरयनात सारखेच, त्यामुळे अयनांशाची, म्हणजे त्या दोहोंतल्या फरकाची, भानगडच नाही. पण तिचा स्वभाव वेगळा. तिथे सूर्याशी असलेले नाते परत येते, तर २७ दिवस ७ तास ४३ मिनिटांच्या परतीत चंद्र एकटाच आपल्या जागी येतो. मनाचा महिना पाहायचा तर मी अजूनही हीच घेईन. अर्धी परत, म्हणजे चंद्र समोरच्या राशीत त्याच अंशाला येतो तेव्हाची, मला कधी रुचली नाही. तुझी ती लाडकी, लखलाभ असो.

आता आपले जुने भांडण. जन्मस्थळ घ्यायचे की राहते ठिकाण? जागा बदलली तरी परतीचा क्षण आणि ग्रहांचे अंश तेच राहतात, बदलतात ती लग्न आणि भावस्थाने. मी नेहमी जन्मस्थळावर अडून बसलो. त्या रात्री माझा मुक्काम जन्मस्थळापासून सात रेखांश पश्चिमेला होता, म्हणजे २८ मिनिटे मागे. दुरुस्त केलेली कुंडली तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिथे मांडली तर लग्न मागे सरकून तुळेच्या आरंभाला, कन्येच्या उंबरठ्यावर येऊन थांबते. आणि माझी जन्मवेळ ‘पावणेसात’ अशी ढोबळ नोंदलेली. जन्मवेळेत दहा मिनिटांची चूक असेल तर परतीच्या क्षणातही जवळपास तेवढीच पडते. तेव्हा लग्न कन्या की तूळ, मंगळ आठवा की सातवा, हे या जन्मी मला ठामपणे सांगता येणार नाही; आणि एवढ्या आधारावर मी भरलेली बॅग रिकामी केली.

धाकटीचा निकाल कळला, तिचे अभिनंदन. वहिनींना नमस्कार. नव्या नोकरीत जीव रमला का, तेही कळव.

पुढच्या महिन्यात येतो आहे. तिकीट काढले आहे, कुंडली मांडलेली नाही. तुला मांडायचीच असेल तर राहत्या ठिकाणाची मांड, मी भांडणार नाही.

तुझाच