पाणी उकळलं की कोणता बंध तुटतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी इंदूरला रामबागेत राहते, बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवली. परवा भाचीची मुलगी टेस्टचा पेपर घेऊन आली. पाणी उकळल्यावर काय होतं, असा प्रश्न, तिनं लिहिलेलं की रेणू एकमेकांपासून सुटतात पण रेणू स्वतः तसाच राहतो. त्यावर लाल काट, आणि बाजूला लिहिलंय, 'बंध तुटून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात'. पोरगी रडवेली, मावशीआजी माझं चुकलं का? अगं नाही बाळा, तुझंच बरोबर आहे.

खरंच हायड्रोजन सुटला असता तर कुकरची शिट्टी झाली की शेजारच्या गॅसवर भडका नसता का उडाला! वाफ होताना तुटते ती रेणू-रेणूंमधली ओढ, म्हणजे हायड्रोजन बंध, रेणूच्या आतले, अणूंना जोडणारे सहसंयुज बंध नाही. १८ ग्रॅम पाण्याची १०० डिग्रीला वाफ करायला साधारण ४१ किलोजूल लागतात, आणि त्याच पाण्यातले सगळे आतले बंध तोडायचे तर ९०० च्या वर, एवढा फरक आहे आणि तो मुलांना कोणी सांगतच नाही, कारण पदार्थाच्या अवस्था (घन, द्रव, वायू) एका वर्षी शिकवतात, बंध दुसऱ्याच वर्षी, दोघांची गाठ घालून द्यायची राहूनच जाते.

मी तिला ओट्यापाशी उभं केलं. तव्यावर एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला मीठ. साखर थोड्या वेळात कडेनं ओली दिसायला लागली, मग तांबूस, घरभर वास (तांबूस होताना मात्र आतले बंधही तुटायला लागतात, हेही सांगितलं). मीठ नुसतं तडतडलं, अडकलेलं पाणी निघालं म्हणून, बाकी जसंच्या तसं. का, तर साखरेसारखे मिठात सुटे रेणूच नाहीत, सोडियम-क्लोराईडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सगळीकडून एकमेकांना धरून बसलेत, ते ८०१ डिग्रीला वितळतं, आपल्या तव्याच्या आवाक्यातलं ते नाही. ती म्हणाली, हे तर मी कधीच विसरणार नाही.

माझी शाळांना कळकळीची विनंती आहे, नववीपासूनच 'आतला बंध' आणि 'रेणूंमधली ओढ' हे दोन वेगळे शब्द फळ्यावर लिहा. आणि असे पेपर पुन्हा तपासा, ते दोन मार्क त्या मुलीला मिळाले पाहिजेत.

आपली,
एक वाचक, इंदूर