मिरजेच्या भिंतीवर मिरज दिसू द्या

महोदय,

शहर सुशोभित करण्यासाठी भिंती रंगवल्या जातात, त्याचे स्वागतच आहे. पण मोर, कमळे आणि स्वच्छतेची घोषवाक्ये कुठल्याही गावात चालतील. सांगली-मिरजेच्या भिंतींना सांगण्यासारखे स्वतःचे खूप आहे.

मिरजेचेच घ्या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार घडवायला घेतली. २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेला भोपळा कापणारे, तारा जुळवणारे हे हात सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी मोठे करून का रंगवू नयेत? मीरासाहेब दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. तिथे हिंदू-मुसलमान एकत्र मांडी घालून ऐकतात. माझ्या मते शहराची याहून खरी ओळख नाही. सांगलीत १८४३ चे विष्णुदास भावे यांचे, मराठीतले पहिले मानले जाणारे नाटक आहे, हळदीच्या पेठेतले हमाल आहेत, घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत.

मात्र चित्र काय असावे हे ठेकेदाराने ठरवू नये. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना, बायकांना, कारागिरांना आधी विचारा. स्थानिक चित्रकार आणि शाळेतल्या मुलांना हाताशी घ्या. आणि कृष्णाकाठच्या भागात २००५, २०१९, २०२१ ला पाणी शिरले आहे. तिथे ओल धरलेल्या भिंतीवर थेट रंग लावला तर पोपडे निघणारच. गिलावा दुरुस्त करून, भिंत पूर्ण वाळल्यावरच काम सुरू करावे. महापालिकेने पुढच्या कामाआधी प्रभागनिहाय बैठक बोलवावी, ही विनंती.

– एक वाचक, मिरज