मंदारला पत्र: १२६००के पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करताना

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझ्या संगणकाच्या सामानाची यादी मिळाली, आणि ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर कारखान्यानं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवण्याचा, बेतही कळला. इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर, झेड६९० चा मदरबोर्ड, ड्युअल टॉवर एअर कूलर, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय: सामान जमलंय. बी६६० चा बोर्ड घेतला असतास तर पत्र इथेच संपलं असतं, कारण त्यावर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्यानं गुणून वेग ठरतो तो आकडा) वाढवता येत नाही.

५.२ गिगाहर्ट्झ होईल का, असं विचारलं आहेस. होईलही, पण त्याच्या मागे लागू नकोस. ५.० वर थांब. तुझी चिप मुळात एक-दोन कोअरवर ४.९ पर्यंत जाते, पण सहाही पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) एकदम राबायला लागले की ४.५ च्या आसपास येते. म्हणजे खरी वाढ ४.५ वरून ५.० ची, ११ टक्क्यांची. वीज मात्र वेगाच्या पटीत आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३० करावे लागले, तर १.११ गुणिले १.१७, म्हणजे ३० टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. पुढच्या प्रत्येक १०० मेगाहर्ट्झला हा हिशोब आणखी महाग होत जातो. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ची गोष्ट वेगळी होती. बस (तेव्हाचा मूळ क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा. आता चिप कारखान्यातूनच पिळून येते. १४४०पी रेझोल्यूशनच्या पडद्यावर गेम खेळताना तुला फरक जाणवणारही नाही, कारण तिथे ग्राफिक्स कार्डच आधी थकतं. व्हिडिओ एन्कोडिंगला मात्र उपयोग होईल.

काही बदलण्याआधी मूळ स्थितीची नोंद कर. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ उघडं ठेव आणि प्रोसेसरला पूर्ण भार देऊन गुण देणारी सिनेबेंच आर२३ ही चाचणी दहा मिनिटं चालव. मल्टी-कोअरचा आकडा १७ हजारांच्या वर यायला हवा. पॅकेजचं (म्हणजे अख्ख्या चिपेचं) तापमान, वॅट, व्हीकोअर (कोअरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज) आणि खोलीचं तापमान वहीत लिही. चौथी नोंद सगळे विसरतात. मूळ स्थितीतच ८५ अंश गाठले असतील तर पुढे जाऊ नकोस. आधी कूलर काढून थर्मल पेस्ट नीट लागली आहे का ते बघ. आणि कामाच्या फायलींचा बॅकअप घे. अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंद पडतोच असं नाही, कधी कधी तो गुपचूप चुकीचा डेटा डिस्कवर लिहितो.

आता बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग. पहिल्यांदा एक्सएमपी, म्हणजे रॅमचं वाढीव वेगाचं प्रोफाइल, बंद कर. रॅम आणि प्रोसेसर दोन्ही एकदम ताणलेस तर क्रॅश झाल्यावर दोष कोणाचा हे कळणार नाही. पी-कोअर रेशो 'सिंक ऑल कोअर्स' वर टाकून ४८ दे, म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉक १०० च राहू दे, त्याला हात लावायचा नाही. ई-कोअर (लहान, कमी विजेचे कोअर) आणि रिंग (कोअरना जोडणारी वाट) हीही ऑटोवर. कोअर व्होल्टेज मॅन्युअल, १.२५. पॉवर लिमिट या चिपला १५० वॅटची असते. ती तशीच राहिली तर ५० चा मल्टिप्लायर देऊनही भार आला की वेग घसरतो आणि माणूस उगाच व्होल्टेज वाढवत बसतो. दोन्ही पॉवर लिमिट २०० करून टाक.

लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, जरा समजून घे. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, १.३० दिलेले प्रत्यक्षात १.२४ होऊ शकतात. एलएलसी ही घसरण कमी करतं. मग सगळ्यात कडक पातळीच का लावू नये? कारण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर दिलेल्या आकड्याच्याही वर उसळतं, आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसत नाही. मधली पातळी घे. असूसच्या बोर्डांवर आकडा वाढेल तशी पातळी कडक होते, एमएसआयवर उलट, मोड १ सर्वांत कडक. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा डोळे झाकून उचललास तर इथेच फसशील. आणखी एक: मॅन्युअल व्होल्टेजवर 'व्हीआयडी'कडे बघू नकोस, ती चिपची मागणी असते. मिळतं किती ते व्हीकोअरच्या ओळीत दिसतं.

४८ वर सिनेबेंचची दहा मिनिटं पार पडली की ४९, मग ५०. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन अडकलं किंवा निळा पडदा आला की ०.०१ व्होल्ट वाढव आणि पुन्हा चालव. 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' किंवा 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' (व्हिया म्हणजे विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा) दिसलं, तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय. या कूलरवर १.३२ च्या वर जाऊ नकोस. तेवढ्यात ५० जमलं नाही तर ४९ ठेव. सगळ्या चिपा सारख्या निपजत नाहीत. व्होल्टेजचा अतिरेक चिपेला काय करतो ते २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप चिपा प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे खराब होत गेल्या, आणि कंपनीला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुझी बारावी पिढी त्यात नव्हती, पण आपण हातानं व्होल्टेज चढवून खराब केलेली चिप वॉरंटीत बसत नाही.

सिनेबेंच पास म्हणजे सगळं झालं असं नाही. ओसीसीटी ही स्थिरतेची चाचणी तासभर चालव, मग तुझं खरं एन्कोडिंग. प्राइम९५ या चाचणीतले स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससह, म्हणजे सर्वांत जड गणितं लावून, चालवलेस तर एअर कूलर हात टेकतो; ती परीक्षा अवघड आहे आणि तुझ्या कामाशी फारशी जुळतही नाही, म्हणून मी आग्रह धरणार नाही. त्यापेक्षा एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशी व्हिया एररची ओळ असते ती बघ. तिथे शून्य हवं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये व्हिया-लॉगरची १९ क्रमांकाची नोंद आली असेल, तर चूक झाली आणि चिपेनं ती स्वतः सुधारली असा अर्थ. क्रॅश नाही म्हणून ते सोडून देऊ नकोस, आणखी ०.०१ दे.

बोर्ड उठतच नसेल तर घाबरू नकोस. भिंतीवरचं बटण बंद कर, बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं दहा सेकंद जोड. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटं थांब. सेटिंग पुसली जातात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मोबाइलनं पडद्याचा फोटो काढत जा.

आता तुझ्या नागपूरच्या उन्हाळ्याचं. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंशच सांभाळतो. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ८२ दिसले, तर मे महिन्यात ३८ च्या खोलीत तोच भार ९६ वर जाईल, आणि १०० ला ही चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणून हिवाळ्यात ८० च्या आत बसेल तेच कायमचं ठेव, किंवा बायोसमध्ये दोन प्रोफाइल कर: ऑक्टोबर ते फेब्रुवारी ५०, उन्हाळ्यात ४८. डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नकोस, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

तुझा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असेल. ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर एकदम भारात असताना लाइट गेली की तो ट्रिप होईल, आणि तू चिपेला दोष देशील. निदान १००० व्हीएचा घे.

सगळं स्थिर झालं की मॅन्युअलऐवजी अॅडॅप्टिव्ह व्होल्टेज लाव, म्हणजे मशीन रिकामं असताना व्होल्टेज खाली येईल. त्यानंतर आठवडाभर रोजचं काम करून बघ, कारण अॅडॅप्टिव्हवर बरेच क्रॅश भारात येत नाहीत, ब्राउझर उघडताना येतात. मग एक्सएमपी चालू कर आणि ओसीसीटी परत एकदा. ५० वरचं व्हीकोअर, पॅकेजचं तापमान आणि खोलीचं तापमान मला कळव. ई-कोअर हलवायचे का ते त्यावरून ठरवू.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास