भावाच्या चौकटीखाली चार ओळी छापाल का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात रोज सोन्याचा भाव येतो आणि मी पेपर उघडला की आधी तोच बघतो. धंदा सोडून बरीच वर्षं झाली पण चाळीस वर्षं सराफ बाजारात कारागिरी केलेल्या माणसाची ती सवय काही जात नाही. आणि हा भाव जाहीर करायची पद्धत नाशकात आजची नाहीच, पांडवलेण्यात 10 नंबरच्या लेणीत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, त्यात 70,000 कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) म्हणजे 2,000 सुवर्ण (सोन्याची नाणी), 35 कार्षापणांचा एक सुवर्ण, असा हिशोबच दिलाय. म्हणजे साधारण 1900 वर्षांपूर्वीचा सोन्याचा भाव आपल्या गावात दगडावर वाचायला मिळतो. पण त्या काळातलं सोनं बघायचं म्हटलं तर आपल्याकडे कितीसं बघायला मिळतं? मला वाटतं याला बऱ्याच अंशी आम्ही सराफ बाजारातली माणसंच कारणीभूत आहोत, जमिनीत सापडलेलं जुनं सोनं आमच्याकडे आलं की आम्ही ते आटवून म्हणजे वितळवून टाकतो, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला मुलीकडे गेलो होतो तेव्हा नॅशनल म्युझियम बघितलं. बाकीचे लोक पुढे गेले आणि मी हडप्पाकाळच्या दागिन्यांपाशी तासभर उभा राहिलो. चपट्या चकतीसारखे सोन्याचे मणी, आणि प्रत्येकाच्या मधून दोरा जायला बारीक नळी. साडेचार हजार वर्षांपूर्वी ना गॅसची बत्ती ना भिंग, कोळसा, फुंकणी आणि हात एवढ्यावर कुणीतरी ही नळी बसवलीय, मी झाळ, म्हणजे सांधा जोडल्याची खूण, कुठे दिसते का ते शोधत होतो आणि मला काही सापडली नाही. माझ्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्यातला मोठा मुलगा म्हणाला हे किती तोळे असेल हो, आजच्या भावाने किती होतील? त्याला मी दोष देत नाही, लेबलवर नाव आणि काळ सोडून फार काही लिहिलेलं नव्हतं, मग माणूस वजनाचाच विचार करणार. हा मणी कसा घडवला हे दोन ओळीत लिहिलं असतं तर त्याने वेगळं काही विचारलं असतं.

तिथेच कळलं की मोहेंजोदडोला सापडलेला एक हार 1947 च्या वाटणीत उसवून निम्मे मणी इकडे निम्मे तिकडे असा वाटून घेतला. कारागीर म्हणून मला ते वाचून खरंच पोटात कालवलं. पण निदान ते मणी आहेत तरी. आटवलेल्याचं काय?

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन, नुकता हाताखाली शिकत होतो. निफाडच्या पुढचा नदीकाठचा एक शेतकरी फडक्यात बांधून काहीतरी घेऊन आला, नांगरताना सापडलं म्हणाला. जाड तारेची वेटोळी होती, कानातली असावीत, आणि एक चेपलेली वाटी, मुठीत मावेल एवढीच, तिच्या काठाखाली बारीक ठिपक्यांची ओळ. मालकांनी कसोटीवर कस घेतला, वजन केलं, पैसे मोजून दिले आणि मला म्हणाले मूस लाव, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं भट्टीवर चढव. वाटीच्या तळाला माती घट्ट बसलेली होती ती मी ब्रशने झटकली, टाकणखार टाकला आणि पाच मिनिटात सगळं एकजीव झालं. ती माती दुकानाच्या केरात गेली आणि केर झारेकरी, म्हणजे केरातलं सोनं गाळून काढणारा, घेऊन गेला. आज एवढ्या वर्षांनीही ती ठिपक्यांची ओळ माझ्या डोळ्यासमोर आहे. मालक वाईट नव्हते, तेव्हाही सगळे हेच करायचे, आजही कमी-जास्त हेच चालतं, आता तर 2021 पासून हॉलमार्कची सक्ती आहे त्यामुळे जुना बिनशिक्क्याचा डाग म्हणजे दागिना आला की पहिला विचार आटणीचाच होतो.

आटवल्यावर नक्की काय जातं हे मला फार उशिरा समजलं. इराकमध्ये उर नावाच्या ठिकाणी लिओनार्ड वुली यांनी 1922 ते 1934 असं खोदकाम केलं, तिथे पुआबी नावाच्या राणीच्या थडग्यात सोन्याच्या पानांचा मुकुट, सोन्याचे पेले असं खूप सापडलं. मातीच्या भाराने मुकुट चिरडून गेला होता पण कुठलं पान कुठल्या मण्याच्या शेजारी पडलंय हे जागेवरच जपून नोंदवलं म्हणून तो पुन्हा जुळवता आला. त्या उरच्या थडग्यांमधल्या मण्यांत लाल अकीकाचे मणी आहेत जे आपल्या सिंध-गुजरातकडून गेलेले, आणि निळा लाजवर्द अफगाणिस्तानातला. म्हणजे कोण कुणाशी व्यापार करत होतं हे त्या दागिन्यांमुळे कळलं. तिथे आमच्यासारखा कुणी सराफ आधी पोचला असता तर पानं मुशीत गेली असती, मणी कुठल्यातरी पोरीच्या गळ्यात, आणि हाती उरली असती एक लगड.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. दारणा-गोदावरी संगमाजवळ जोगळटेंभी इथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 च्या वर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला होता. ती आटली नाहीत म्हणूनच सातवाहनांनी क्षत्रपांना, म्हणजे नहपानाच्या घराण्याला, हरवलं याचा एवढा ठोस पुरावा आपल्याला मिळाला. आटवली असती तर काही किलो चांदी झाली असती आणि त्याची भांडी करून कुणीतरी विकली असती. नाण्यांची आवड असलेल्यांनी अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम जरूर बघावं, मुलांना घेऊन जावं.

लोक सांगायला घाबरतात हे मला माहितीय, सरकार सगळं काढून घेईल, वर पोलीस मागे लागतील. 2000 साली उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरजवळ मांडी गावात शेत सपाट करताना हडप्पाकाळचे सोन्याचे दागिने निघाले तेव्हा अख्खं गाव तुटून पडलं आणि सरकारच्या हाती त्यातला काही भागच लागला. पण कायदा लोकांना वाटतो तसा नाही. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून चालू आहे, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक कुणी पुढे आला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे शेतकऱ्याने चोरून आमच्याकडे आणण्यापेक्षा कळवण्यात त्याचं नुकसान नाही. लपवलं तर मात्र हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. हे मी त्या निफाडकडच्या माणसाला तेव्हा सांगू शकलो असतो, पण मलाच माहीत नव्हतं.

म्हणून बाजारातल्या माझ्या भावांना हात जोडून सांगणं आहे, डागावर माती दिसली, घडण ओळखीची वाटली नाही, तर मूस पेटवू नका. माती धुऊ नका, घासू नका, मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, फोटो काढा, आणणाऱ्याला कुठल्या गटात कुठल्या शेतात सापडलं ते विचारून लिहून घ्या आणि त्याला कळवायला सांगा. पुरातत्त्व खात्याचा सरकारवाडा तर आपल्या बाजाराला लागूनच आहे, गावात कुणी तज्ज्ञ नाही असं म्हणायला जागा नाही.

आणि तुम्हाला विनंती अशी की भावाची जी चौकट तुम्ही रोज छापता त्याच्या खाली चार ओळींची जागा द्या. जमिनीत जुनं सोनं, चांदी, नाणी सापडली तर आटवू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा, तुमचा हिस्सा कायद्याने तुम्हाला मिळतो, एवढंच. आठवड्यातून एकदा छापलंत तरी चालेल, सोमवारी छापा, सोमवारी खेड्यातले लोक जास्त येतात.

आपला,
एक निवृत्त सुवर्ण कारागीर
जुने नाशिक