नोकरी सोडली आहे, कारण नीट सांगते

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला गेले असते तर बाबा चिडले असते, आई मध्ये पडली असती आणि मुद्दा तसाच राहिला असता. म्हणून लिहितेय. मॅनहॅटनची वकिलीची नोकरी मी सोडली. राजीनामा मंजूरही झालाय. पुढच्या महिन्यापासून न्यूअर्कच्या एका लहानशा संस्थेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या केसेस चालवणार आहे.

आधी पैशांचं सांगते, कारण आई पहिलं तेच विचारणार. पगार निम्म्याहून कमी होईल. पण घराचा हप्ता निखिलच्या पगारातून निघतो, विमा त्याच्या कंपनीचा आहे आणि माझं कॉलेजचं कर्ज केव्हाच फिटलंय. तुमचा प्रॉपर्टी टॅक्स मी भरते तो मीच भरणार, त्यावर चर्चा नको. आईच्या गुडघ्याची फिजिओथेरपी, डबेवाल्या काकूंचे पैसे, शनिवारी ओक ट्री रोडवरून येणारं सामान, यातलं काही बदलणार नाही. उलट न्यूअर्कहून तुमच्याकडे एडिसनला ट्रेननं लवकर पोचते, त्यामुळे एखाद्या बुधवारीसुद्धा जेवायला येईन.

आता दिवाळीतल्या बोलण्याबद्दल. बाबा, तुम्ही म्हणालात की आपण रांगेत उभे राहिलो, हे लोक कुंपण ओलांडून आले आणि त्यांची वकिली करणं म्हणजे ज्या देशानं आपल्याला उभं केलं त्याच्याशी बेइमानी. मला ते लागलं. पण ते कुठून येतं हेही मला ठाऊक आहे. आत्यानं इथून आपला ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज भरला तेव्हा मी पाळण्यात होते आणि विमानात बसलो तेव्हा सातवीत. मधली सगळी वर्षं डोंबिवलीच्या कपाटात ती फाइल होती. कधीही बोलावणं येईल म्हणून तुम्ही बढतीची बदली नाकारलीत. आईनं नवा फ्रिज घेतला नाही. ब्रीच कँडीला अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर पहाटेपासून उभे होतो तेव्हा तुम्ही मला खांद्याशी धरून, घाबरू नकोस, आपले कागद चोख आहेत, असं सांगत होतात. ते मी विसरलेले नाही आणि त्याची किंमत माझ्या लेखी कमी झालेली नाही.

पण बाबा, रांग आपल्याला मिळाली ती आत्या आधीच इथे होती म्हणून, आणि भावाबहिणींना बोलावता येतं ते १९६५च्या कायद्यामुळे. ग्वाटेमालातल्या ज्या मजुराचं इथे कुणी नाही आणि हातात डिग्री नाही, त्याच्यासाठी काय आहे? बिनकौशल्याच्या कामगारांना साऱ्या जगात मिळून वर्षाला फार तर १०,००० ग्रीन कार्डं. त्याला उभं राहायला रांगच नाही. आपल्यालाही एके काळी नव्हती. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, तरी १९२३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आपल्या लोकांसाठी ते दार १९४६ साली उघडलं, तेही वर्षाला जेमतेम १०० जणांना प्रवेश देऊन. तेव्हाही कायदा म्हणजे कायदाच होता.

सीमा सताड उघडी टाका असं मी म्हणत नाही. पूर्वीही म्हटलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या काहींना परत जावंच लागेल, तेही मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कुणालाही घालवून देण्याआधी त्याचं नीट ऐकून घ्यावं. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात देत नाही. तिथे सरकारतर्फे वकील असतो आणि समोरचा माणूस बहुतेकदा एकटा.

तुम्हाला न्यूअर्कची ब्रॉड स्ट्रीटवरची रोडिनो बिल्डिंग आठवते ना, नागरिकत्वाची कामं जिथे झाली ती? इमिग्रेशन कोर्ट त्याच इमारतीत आहे. जुन्या फर्मतर्फे फुकटच्या केसेस घ्यायचे तेव्हा तिथे बसले होते. इक्वेडोरची एक बाई, शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा. न्यायाधीश दुभाष्याकरवी विचारत होते, वकील मिळाला का? ती म्हणाली, शोधतेय. मग तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले: मुलाचं शाळेचं प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, विजेची बिलं. आश्रयाच्या अर्जाला त्यातलं काहीच लागत नाही. काय लागतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला तारीख वाढवून मिळाली आणि ती न्यायाधीशांना दोनदा थँक यू म्हणून बाहेर गेली.

बाबा, नागरिकत्वाच्या शपथेत तुम्ही संविधान आणि कायदे यांचं रक्षण करायचं वचन दिलंत. रीतसर सुनावणीचा हक्क त्याच संविधानात आहे आणि तो इथल्या प्रत्येक माणसाला आहे. तुम्ही मन लावून झेंडा लावता, मी मन लावून हे काम करीन. देशावरचं प्रेम मी दुसऱ्या कुणाकडून शिकले नाही.

तुम्ही कठोर नाही हेही मला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानानं १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला नेलं, ती दृश्यं सुरू झाली तशी तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. गुजरातच्या डिंगुचा गावचं ते कुटुंब कॅनडातून इकडे सीमा ओलांडताना मॅनिटोबाच्या बर्फात गोठलं तेव्हा आई जेवली नव्हती. आणि नंदूकाका बेसमेंटमध्ये राहायचा तेव्हा आपल्या घरात त्याच्या व्हिसाच्या तारखांची चौकशी कुणी केली नाही. मला ते बरोबरच वाटलं होतं, अजूनही वाटतं. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

आई, तुझी भीती वेगळी आहे, मला पकडतील म्हणून. स्थलांतरितांना डांबून ठेवतात त्या डिलेनी हॉलबाहेर मे २०२५ मध्ये न्यूअर्कच्या महापौरांनाच अटक झाली होती, हे तू सगळ्यांना सांगतेस. त्यांच्यावरचा तो आरोप काही दिवसांतच मागे घेतला गेला, तेही सांगत जा. मी कोर्टात आणि ऑफिसात काम करणार, फाटकावर उभी राहणार नाही. रात्री घरी पोचले की मेसेज करीन. तू मात्र तोपर्यंत खिडकीत बसून राहू नकोस, जेवून घे.

आता ऐका. बाबा, रात्री नऊनंतर बातम्या बंद. त्या चॅनलवर ओरडतात आणि प्रेशर तुमचं वाढतं. सकाळचं रीडिंग वहीत लिहा, आठवून सांगू नका. पावसाळी बूट नवे आणलेत ते घाला, जपून ठेवू नका. बर्फ काढायला पलीकडच्या मुलाला सांगितलंय, पैसेही दिलेत, त्याला परत पाठवायचं नाही. आई, गुडघ्याचा पट्टा घातल्याशिवाय जिना उतरायचा नाही आणि साखर कमी घातली म्हणून लाडू दोन चालतात हा हिशेब बंद.

मंडळातल्या कुणी विचारलं तर बाबा, माझी बाजू घेऊ नका हवं तर, पण मुलीनं विचार करून घेतलंय एवढं सांगा. आणि या शनिवारी मी नेहमीसारखी येणार आहे. भांडायचं असेल तर जेवणं झाल्यावर भांडू. आई, थालीपीठ कर, लोणी मी आणते.

तुमची,
मनू