कॉलरीतल्या (कोळसा खाणीच्या वस्तीतल्या) घरांच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि त्याच सुमारास बल्लारपुरात कोळसा निघू लागला. तेव्हापासून तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून माणसं पोटासाठी इथे आली. कुणाच्या दारी तेलंगणातला फुलांचा सण बतकम्मा, कुणाच्या दारी छत्तीसगडातला सुगीचा सण छेरछेरा. आज त्यांची नातवंडं-पतवंडं मराठी शाळेत शिकतात, पण पणजोबा कोणत्या गावचे, हे अनेकांना सांगता येत नाही.

किती टन कोळसा निघाला याचे आकडे सरकारदप्तरी मिळतात. घर कसं चाललं, हे कुठे लिहिलेलं नाही. विशेषतः बायकांचं. त्या काळी कोळसा खाणींत जोडीनं काम चाले. नवरा गैंतीनं (कुदळीनं) कोळसा पाडायचा, बायको टोपलीनं टबात, म्हणजे रुळांवरच्या छोट्या डब्यात भरायची. १९२९ च्या नियमांनी बायकांना खाली उतरायला टप्प्याटप्प्यानं बंदी आली. महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ मध्ये ती उठवली, १९४६ मध्ये पुन्हा लागू केली. या प्रश्नावर केंद्रीय विधिमंडळात तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना उत्तर द्यावं लागलं होतं. पण ती बाई खाली जाताना तान्हं मूल कुणाजवळ ठेवायची? काम सुटल्यावर चूल कशी पेटली? हे सांगणाऱ्या आज्या आता फार थोड्या उरल्यात. म्हणून घाई आहे.

आमच्या वाचनालयात या आठवणींसाठी एक खोली राखून ठेवली आहे. तुमच्या ट्रंकेत हजेरीचा पितळी बिल्ला, पगाराची चिठ्ठी, जुना दिवा, गावाकडून आलेलं पोस्टकार्ड, लग्नातला फोटो असेल तर घेऊन या. कागद फाटका असला तरी चालेल, तेलुगूत किंवा हिंदीत असला तरी चालेल. स्कॅन करून मूळ वस्तू तुमच्यासमोरच परत देऊ. १९७३ च्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाआधी कामाला लागलेलं कुणी घरात असेल तर आम्हीच येऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू. तेलुगू आणि छत्तीसगढी समजणारी तरुण मुलंमुली सोबत हवी आहेत.

स्कॅनर, रेकॉर्डर आणि वाळवी न लागणारं लोखंडी कपाट यांसाठी पैसेही लागतील. जमेल तेवढी रक्कम द्या, पावती जरूर घ्या. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लावू. येण्यापूर्वी फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहून आणा, आईचं आणि आजीचंही.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, बल्लारपूर